पातं वर जातं, पण वजन कुठे आहे?

प्रश्न : माझं वय ५६. सातपूर एमआयडीसीत मशीन शॉप आहे, दोन वर्षांपासून मुलगा बघतो. निफाडजवळ चार एकर द्राक्षबाग आहे, ती अजून माझ्याकडेच. तीन वर्षांपासून मुंबईत शिडाची बोट चालवायला शिकतोय, पाच-सहा वेळा बंदराबाहेरही जाऊन आलो. आता स्वतःची ३८ ते ४० फुटी बोट घ्यायची आहे. मामाचं गाव दाभोळ खाडीच्या काठी आहे. तिथे बोट ठेवायची, कील (तळाखालचा पंखासारखा भाग) वर घेऊन ओहोटीला चिखलावर टेकवायची आणि हिवाळ्यात लक्षद्वीप, मालदीव, जमलं तर पुढे सेशेल्स, असा बेत आहे. मेहुणे मर्चंट नेव्हीत होते. ते म्हणतात, "आत-बाहेर होणारी कील म्हणजे घडीची खुर्ची. अंगणात ठीक, समुद्रात नको." कोणाचं ऐकू?

ता. क. (पत्नीच्या अक्षरात) : हे जातील तिथे मीही जाणार आहे. बोटीत गॅस कुठे ठेवतात? आणि बोट आडवी झाली तर परत उभी राहते का?

उत्तर :

नमस्कार. तुम्ही दोन पानं लिहिलीत, पण मुद्द्याचा प्रश्न वहिनींनी ता. क. मध्ये विचारला आहे. परत उभी राहते का? तिथूनच सुरू करू, कारण कीलची सगळी भानगड त्या एका प्रश्नात आहे.

जत्रेत ती डुलणारी बाहुली मिळायची, आठवते? कितीही आडवी पाडा, उठून बसते, कारण तळाशी वजन असतं. बोटीचंही तसंच. आपल्या कोकणातल्या गलबतांत तळाला दगड भरायचे, त्या वजनाला खलाशी नीरम म्हणत. हल्लीच्या पक्क्या कीलच्या बोटीत तेच वजन पोटाच्या खाली दीड-दोन मीटर लटकवलेलं असतं. वजन जितकं खाली, तितकी बाहुली हट्टी. आता कील वर घेता येणारी बोट बघताना "किती उथळ पाण्यात जाते?" हा प्रश्न सगळे विचारतात. तुम्ही विचारायचं ते हे : हिचं वजन नेमकं कुठे आहे, आणि ते हलतं का?

याच प्रश्नावर बोटींच्या जाती पडतात. पहिली जात फ्रेंचांची. सगळं वजन बोटीच्या पोटातच, तळाशी पसरून बसवलेलं, आणि मधून खाली उतरतं ते फक्त एक पातं. त्या पात्याचं काम बोट उभी ठेवण्याचं नाहीच. वाऱ्याने बोट आडवी घसरू नये, एवढंच. ले साब्ल दोलोन गावातली आल्युबा कंपनी १९७० च्या दशकापासून अशा अॅल्युमिनियमच्या बोटी बांधते, ओव्हनी नावाने त्या ओळखल्या जातात. दुसरी जात इंग्लंडच्या सदर्ली बोटींची. तिथे लोखंडाची जड कील बिजागरीवर फिरून वर जाते आणि पोटाखालच्या जाड बिडाच्या पाटात बसते. वजन थोडं पाटात, थोडं हलत्या कीलमध्ये. तिसऱ्या जातीत कील लिफ्टसारखी सरळ वर-खाली होते आणि तिच्या टोकाला शिशाचा गोळा असतो. शर्यतवाल्यांची ही आवडती, आणि वाऱ्याविरुद्ध चढायला खरोखर झकास. चौथ्या जातीत पोटाखाली एक आखूड, पक्की, वजनदार कील आणि तिच्या फटीतून उतरणारं हलकं पातं. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या बोरेआल बोटी साधारण याच वळणाच्या, पातं वर घेतलं की एक मीटरच्या आसपास पाण्यात तरंगतात. नांगराची साखळीसुद्धा त्यांनी पुढच्या टोकातून काढून डोलकाठीच्या पायथ्याशी आणली आहे, का तर वजन मध्यावर आणि खाली राहावं म्हणून. हे पाहिलं तेव्हा माझ्यातला इंजिनियर खूश झाला.

मेहुण्यांची शंका अगदीच हवेतली नाही. पोटात वजन असलेली बोट पक्क्या कीलच्या बोटीइतकी हट्टी बाहुली नसते. युरोपात खुल्या महासागरासाठी "ए" वर्ग देतात. त्याचा हिशेब असा : बोटीचं वजन टनांत घ्या, दुप्पट करा, १३० मधून वजा करा. तितक्या अंशांपर्यंत कलंडली तरी बोट आपणहून उठली पाहिजे. १० टनांच्या बोटीला ११० अंश, आणि कोणत्याही बोटीला १०० च्या खाली सूट नाही. ९० म्हणजे डोलकाठी पाण्याला टेकली. त्यापुढेही वीस अंश उठण्याची ताकद, हा किमान नियम आहे. दूर जाणारे खलाशी १२० च्या आसपास मागतात, आणि मीही तेच सांगेन. रुंद, चपट्या पोटाची बोट सरळ असताना फार स्थिर वाटते, पण एकदा पूर्ण उलटली की उलट्या अवस्थेतही स्थिर बसते. म्हणून विकणाऱ्याकडे तिचा स्थैर्याचा आलेख मागा. "साहेब, जगप्रदक्षिणा करून आली आहे," हे उत्तर चालणार नाही. आलेख म्हणजे आलेख.

पण घडीची खुर्ची म्हणणं अन्यायाचं आहे. पक्की कील म्हणजे कायमची कील असं नसतं. २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये "चीकी राफिकी" या बोटीची बोल्टांनी बसवलेली पक्की कील निखळली आणि चौघं खलाशी गेले. उलट पातंवाल्या बोटी कुठे कुठे जाऊन आल्यात! दर्यावर्दी लेखक जिमी कॉर्नेल यांनी गार्सिया कंपनीबरोबर अशीच अॅल्युमिनियमची ४५ फुटी बोट आखून घेतली आणि २०१५ मध्ये ती कॅनडाच्या वरच्या बर्फाळ नॉर्थवेस्ट पॅसेजमधून नेली. त्याही आधी, अमेरिकेची "फिनिस्टेर" ही ३८ फुटी पातंवाली बोट १९५६, १९५८ आणि १९६० अशी सलग तीनदा बर्म्युडा शर्यत जिंकली होती. मागून मोठ्या लाटा येत असताना पातं वर घेतलं तर लाटेच्या धक्क्याने बोट पायात पाय अडकून कोलमडत नाही, बाजूला सरकते, असं या बोटींचे खलाशी सांगतात. मेहुण्यांना हे जरूर ऐकवा. मात्र जेवणाच्या ताटावर नको.

पत्राच्या न छापलेल्या भागात तुम्ही "म्हादेई"चाही दाखला दिलाय. गोव्यात बांधलेल्या त्या ५६ फुटी बोटीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीभोवती फिरले, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. तिची कील पक्की आहे, कारण तिची वाट दक्षिण महासागरातून, केप हॉर्नला वळसा घालून जात होती. तुम्हाला तिकडे जायचं नाही. दुसऱ्याच्या वाटेची चप्पल घालू नका.

तुमची वाट बघू. कोचीपासून कवरत्ती साधारण ४०० किलोमीटर. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा वारा असतो, समुद्र बहुधा शहाण्यासारखा वागतो. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो, तो आधी. तिथल्या प्रवाळाच्या आतल्या शांत, उथळ पाण्यात कमी खोल बसणारी बोट उपयोगाची, हे खरं. पण टेकवायची ती वाळूवर. प्रवाळावर टेकवली तर प्रवाळही गेलं आणि तळही. मधल्या खोल पाण्याला तर बोट किती उथळ बसते याचं काही देणंघेणं नाही. म्हणजे एवढी सगळी यंत्रणा तुम्ही विकत घेणार ती मुख्यतः प्रवासाच्या दोन टोकांसाठी. आणि तुमचं एक टोक आहे दाभोळ.

इथे मला थोडं थांबायचंय. फ्रेंच लोक अशा बोटी बांधतात, कारण त्यांच्या सेंट-मालोला उधाणाची भरती-ओहोटी १२ मीटरपर्यंत जाते. सकाळी बोट तरंगत होती तिथे दुपारी माणसं शिंपले वेचतात. आपल्या मुंबईला उधाणात साडेचार-पाच मीटर, आणि दक्षिणेकडे जाल तसं कमी होत गोव्याला दोनेक मीटर. दाभोळ या दोहोंच्या मध्ये. टेकवण्यापुरतं पुरे, पण चुकीला जागा कमी. कोकणातला हिशेब मामांकडून शिकून घ्या : तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या ऐन भरतीला बोट कधीही टेकवू नका. त्यानंतर भरती खाली-खाली येत अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात कमी भरतीला, पार मंदावते, आणि तुमची बोट पुढचं उधाण येईपर्यंत चिखलात बसलेली. गावातली पोरं सेल्फी काढून जातील. टेकवायची ती भरती चढत्या तिथ्यांची असताना, आणि तीही पाणी उतरायला लागल्यावर.

मराठ्यांच्या आरमाराने हाच खेळ मोठ्या प्रमाणावर केला. त्यांची गलबतं उथळ पाण्याची, म्हणून खाडीत शिरायची आणि इंग्रजांची जड जहाजं तोंडाशी घुटमळत राहायची. पण त्या तांडेलांना खाडीतला वाळूचा दांडा यंदा कुठे सरकलाय हे तोंडपाठ असायचं. तुमच्याकडे मोबाइलवर नकाशा आहे, आणि दाभोळ खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीचा दांडा दर पावसाळ्यात नकाशाला न विचारता हलतो. पहिल्या वर्षी तिथल्या एका तांडेलाला पैसे देऊन बरोबर घ्या.

पावसाळ्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. जून ते सप्टेंबर बोट कुठे असेल? खाडीत नांगरून ठेवायचा विचार असेल तर २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवा. त्याच वाशिष्ठीला तो पूर आला होता, आणि पुराबरोबर गाळ, ओंडके, नाही नाही ते वाहून येतं. कोळी लोक होड्या वर ओढून झापांनी शाकारतात ते उगीच नाही. इथे मात्र तुमच्या आवडत्या जातीचा खरा फायदा आहे : चपट्या तळाची धातूची बोट कठीण, सपाट जमिनीवर थेट बसते. पक्क्या कीलच्या बोटीला लागणारं टेकू-पाळण्याचं लटांबर लागत नाही. मामांच्या गावात अशी जागा आणि तिथवर बोट ओढण्याची सोय आहे का, हे आधी बघा. बोट नंतर.

दुसरी न लिहिलेली गोष्ट बागेची. ऑक्टोबरात छाटणी, मग घडांचं डिपिंग, थंडीत भुरी रोगाची धास्ती, फेब्रुवारी-मार्चात काढणी. समुद्राचा हंगामही ऑक्टोबर ते मे. तुम्ही दोन नवरदेवांना एकच मुहूर्त दिलाय. बाग कोणाला तरी वाट्याने द्या, नाहीतर बोट दाभोळला आणि मन निफाडला असं होईल.

आता तुमच्या कामाची बाजू, इथे तुम्ही मला शिकवाल. पातं म्हणजे एक पिन, दोन बुश, एक उचलण्याची यंत्रणा आणि ते सगळं ज्यात राहतं ती पेटी. तुमच्या शॉपमधलं एखादं फिक्स्चर समुद्रात बुडवून ठेवलंय असं समजा. पिन काढून मायक्रोमीटरने मोजा. पातं खाली सोडून हाताने डावी-उजवीकडे हलवा, किती खेळ आहे ते बघा. नांगरावर रात्री हाच खेळ टक-टक वाजतो आणि झोप मोडतो. उचलण्याला हायड्रॉलिक सिलेंडर असेल तर रॉडवरचे ओरखडे, सीलची गळती आणि हातपंपाने काम होतं का, हे तपासा. दोरीने उचलणारी यंत्रणा दिसायला गावठी, पण भर समुद्रात दोरी बदलता येते, सील नाही. शिवाय पातं चालू बोटीत तळाला आपटलं तर मागे झुकून वर गेलं पाहिजे. लिफ्टसारख्या सरळ कीलला ती सोय नसते, सगळा दणका पेटीला बसतो. तिसरी जात मी तुमच्यासाठी इथेच बाद करतो.

पेटीचं माझ्याकडून ऐका. निवृत्तीनंतर एका मित्राच्या पातंवाल्या बोटीतून आम्ही तिघं दक्षिण कोकणातल्या एका खाडीत शिरलो. ओहोटीला टेकलो, पोहे झाले, पत्ते झाले, फार छान. तळ चिखलाचा आहे असं आम्ही गृहीत धरलं होतं. होती बारीक खडी. पहाटे तरंगलो, बाहेर पडलो, शीड चढवलं आणि पातं सोडलं, तर ते वीतभर उतरून अडकलं. पेटीत खडे. समोरून वायव्येचा वारा. बोट तोंड उत्तरेला करून खेकड्यासारखी पूर्वेला, खडकांकडे सरकायला लागली. इंजिन चालू केलं, तर थंड करणाऱ्या पाण्याच्या नळीत रात्रीचा गाळ, ते पाच मिनिटांत तापलं. शेवटी नांगर टाकला. एका मच्छीमार बोटीवरचा पोरगा लोखंडी पट्टी घेऊन खाली बुडी मारून आला आणि त्याने खडे उपसले. वर येऊन मला म्हणाला, "काका, याला वरून भोक का नाही ठेवलं?" पोरगा इंजिनियर नव्हता. त्याचा प्रश्न मात्र तुम्ही प्रत्येक बोटीला विचारा : पातं अडकलं तर वरून, केबिनमधून, दांडा घालून ठोकता येतं का? आणि इंजिनचं पाणी तळाच्या किती वरून घेतलंय?

सुकाणू विसरू नका. पातं वर गेलं आणि सुकाणू खाली राहिलं तर पहिल्यांदा तेच मोडणार. एकतर वर झुकणारं पातं असलेलं सुकाणू हवं, नाहीतर दोन आखूड सुकाणू. दोन असतील तर बोट टेकल्यावर त्यांच्यावर वजन येतं का, ते बघा.

धातूचं तुम्हाला काय सांगायचं. ५०८३ ग्रेडचं अॅल्युमिनियम असेल, पण त्याला तांब्याचं वावडं. तळाला तांबं असलेला रंग लावायचा नाही, पितळी फिटिंग थेट बसवायचं नाही, आणि एक वायर बॉडीला टेकून राहिली तरी विजेची गळती तळ कुरतडते. अल्ट्रासॉनिक गेजने जाडी मोजून घ्या, विशेषतः पेटीच्या आत आणि इंजिनखाली. आपल्या कोमट पाण्यात पेटीच्या आतल्या बाजूला शिंपल्यासारखे चिकटणारे बार्नेकल माजतात, तिथे ब्रश कसा पोचतो तेही विचारा.

पैशांचं थोडक्यात. बोट परदेशातच मिळेल. आणायची तर कस्टम्स ड्युटी आहेच, वर हौशी बोटींवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के. किंमत ठरवताना बोटीची किंमत हा पहिला आकडा समजा, शेवटचा नव्हे.

वहिनींचा गॅस. सिलेंडर केबिनमध्ये कधीच नसतो. बाहेर कॉकपिटमध्ये त्याचा स्वतंत्र बंद कप्पा असतो आणि कप्प्याच्या तळाला बाहेर समुद्रात उघडणारं भोक. एलपीजी हवेहून जड. घरात तो निदान दाराखालून बाहेर पडू शकतो, बोटीत तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. हा कप्पा नसेल किंवा त्याचं भोक बुजवून तिथे कोणी दोरखंड ठेवले असतील, तर त्या मालकाने बाकी बोट कशी ठेवली असेल हे कळलंच. आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो, पहिले दोन-तीन दिवस अनेकांना उलट्या होतात, मग शरीर सावरतं. नांगरावर असताना पाणी खोल असेल तर पातं खाली ठेवायला सांगा, डुलणं कमी होतं.

तर माझं मत. चौथी जात घ्या : आखूड पक्की कील, त्यात हलकं पातं, धातूचा तळ. नाही मिळाली तर पहिली, पण आलेख पाहून. ३८ फूट पुष्कळ झाले, ४० ची हाव नको. जड हलती कील मी तुमच्या जागी असतो तर घेतली नसती, कारण रात्री दोन वाजता कीलचा आवाज आला तर तो नुसत्या पात्याचा आहे हे माहीत असलं की माणूस कूस बदलून झोपतो.

पण यंदा घेऊ नका. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ दुष्काळी गावातून येऊन २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरले. त्यांनी वल्हं हातात घेतलं ते सैन्यात गेल्यावर, आणि बोट विकत घेऊन नव्हे. तुम्हीही या उन्हाळ्यात ब्रिटनीला दोन आठवडे जा, अशी बोट भाड्याने घ्या आणि वहिनींना न्या. तिथल्या ओहोटीला बोट स्वतः टेकवा. परत येताना पात्याचे, पेटीचे आणि पिनचे फोटो मला पाठवा, बोटीखाली आडवं पडून काढलेले. केबिनमधल्या सोफ्याचे नकोत.